मेणावर उमटलेला आवाज

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात एक कॅसेट सापडली. वर माझ्याच अक्षरात सासूबाईंचं नाव आणि साल २००३. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या कितीतरी यायच्या आणि मी हट्टाने त्यांना टेपरेकॉर्डरसमोर बसवलं होतं. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. जाऊबाईंकडून जुना टेपरेकॉर्डर मागून आणला, कॅसेट घातली, आणि व्हायचं तेच झालं. टेप आत गुंतली. ओढून काढताना तुटली. चूक माझीच, घाई केली. मग सेलोटेपचा बारीक तुकडा लावून जोडली, पेन्सिलीने रीळ गुंडाळलं आणि पुन्हा लावली. आवाज आला, पण मधली दीड ओळ कायमची गेली.

त्या दीड ओळीसाठी मी दोन दिवस हळहळत होते. माझी समजूत काढायला लेकीने एक दिवस माझ्या कानात इअरफोन घातला आणि मोबाइलवर काहीतरी लावलं. आधी नुसती खरखर, जशी तव्यावर मोहरी तडतडावी. मग त्या खरखरीतून एक पुरुषी आवाज इंग्रजी आकडे म्हणू लागला. शाळेत पाढे म्हणतात तसे, सावकाश, एकेक शब्द तोडून. हा टेलिफोनवाल्या बेलचा आवाज, असं लेक म्हणाली. १८८५ साली मेणाच्या तबकडीवर घेतलेला. ती तबकडी १२८ वर्षं मुकी होती.

मैत्रिणींनो, अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे नाव आपण शाळेत पाठ केलं ते एका मार्काच्या प्रश्नापुरतं. टेलिफोनचा शोध कोणी लावला, लिहा उत्तर आणि पुढे चला. पण मी आठवड्यातून दोन दिवस आमच्या गावच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत जाते, त्यामुळे या माणसाशी माझं जरा वेगळं नातं आहे. थोडं आदराचं, थोडं भांडणाचं. म्हणून हा लेख.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल उच्चारशास्त्राचे शिक्षक. तोंडात जीभ कुठे लागते, ओठ कसे होतात, हे चिन्हांनी लिहून दाखवायची एक पद्धत त्यांनी काढली होती. म्हणजे आवाज डोळ्यांना दिसावा, हा ध्यास या घरात आधीपासूनच होता. आई एलायझा चित्रं काढायच्या आणि पियानो वाजवायच्या. त्यांना ऐकू येत नव्हतं. बाकीचे लोक कर्ण्यात तोंड घालून ओरडत, पण हा मुलगा आईच्या कपाळाजवळ ओठ नेऊन खोल, हळू आवाजात बोलायचा. कंप तिला जाणवायचा. बोटांची मुळाक्षरंही त्याने आईसाठीच शिकून घेतली आणि चारचौघांतलं बोलणं तो तिला बोटांवर सांगत राहायचा.

पोरवयात त्याने आणि थोरल्या भावाने मिळून एक बोलकं डोकं तयार केलं. रबराची जीभ, रबराचे ओठ, फुंकायला भाता. त्यातून बाळ आईला हाक मारतंय असा आवाज निघायचा आणि शेजारी बाळ शोधायला लागायचे! गंमत वाटते, पण हे वाचताना मला आमच्या शाळेतल्या आया आठवल्या. दर जूनमध्ये एखादी तरी नवी आई येते आणि पहिला प्रश्न एकच विचारते, ही मला आई म्हणून कधी हाक मारेल?

पुढे या घरावर क्षयाने घाला घातला. १८६७ साली धाकटा भाऊ गेला, १८७० साली थोरला. तीन मुलांतला एकच उरला. आईवडिलांनी त्याला घेऊन समुद्र ओलांडला आणि कॅनडातल्या ब्रँटफर्डला बिऱ्हाड केलं. तिथून १८७१ साली बेल बॉस्टनला कर्णबधिर मुलांना शिकवायला गेले. टेलिफोनच्या आधीचे बेल हे असे, मास्तर. जन्मभर त्यांना विचारलं असतं तर त्यांनी स्वतःची ओळख मास्तर हीच सांगितली असती, इतका त्यांना त्या कामाचा अभिमान होता.

मुलांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, निदान दिसावा तरी, म्हणून १८७४ साली त्यांनी एक प्रयोग केला. एका डॉक्टरांकडून मृत माणसाचा कान मिळवला. (वाचताना माझ्या अंगावर काटा आला.) त्या कानाच्या हाडाला गवताची काडी बांधली, खाली काजळी धरलेली काच ठेवली. कानात बोललं की पडदा हलायचा, काडी हलायची आणि काजळीवर नागमोडी रेघ उमटायची. एवढासा पातळ पडदा एवढी हाडं हलवू शकतो, तर मोठा पडदा लोखंडाची पट्टी का नाही हलवणार, या विचाराने पुढे टेलिफोनला वाट मिळाली. ७ मार्च १८७६ ला त्याचं पेटंट मिळालं. पेटंटाची भांडणं आणि कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या, त्या मी सोडून देते.

कारण मला सांगायचं आहे मेबलबद्दल. मेबल हबर्ड, बॉस्टनजवळच्या सधन घरातली मुलगी. पाच वर्षांची असताना तापात तिचं ऐकणं गेलं. ओठ वाचून ती समोरच्याचं बोलणं समजून घ्यायची. १८७३ साली ती बेल यांच्याकडे शिकायला आली तेव्हा ती जेमतेम सोळाची, मास्तर तिच्याहून दहा वर्षांनी मोठे. ११ जुलै १८७७ ला त्यांचं लग्न झालं आणि नव्या टेलिफोन कंपनीतले आपले १० शेअर्स सोडून बाकी सगळे बेल यांनी बायकोच्या नावावर करून टाकले. त्या काळात! आजही किती घरांत सातबाऱ्यावर बाईचं नाव लागतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

साऱ्या जगाला दूरचा आवाज ऐकवणाऱ्या या माणसाचा आवाज त्याच्या आईला नीट ऐकू आला नाही आणि बायकोला तर कधीच नाही. अंधारात मेबलला नवऱ्याशी बोलता यायचं नाही, ओठ दिसायला उजेड हवा. संसार इतरांसारखाच. नवरा रात्र रात्र जागणार, सकाळी उशिरा उठणार, यावरून कुरबुरी. एल्सी आणि मॅरियन या दोन मुली. मॅरियनच्या जन्माच्या सुमारास, १८८० साली, बेल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स समनर टेंटर यांनी फोटोफोन तयार केला होता. तार नाही, काही नाही, उन्हाच्या तिरिपेवरून आवाज पाठवायचा. बेल इतके हरखले की मुलीचं नावच फोटोफोन ठेवू म्हणाले. मेबलने साफ नकार दिला. बरं केलं!

१८८१ चं साल मात्र वाईट गेलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना, गारफिल्डना, गोळी लागली होती. अंगात रुतलेली गोळी शोधायचं यंत्र बनवायला बेल वॉशिंग्टनमध्ये धडपडत होते आणि इकडे मेबल दिवसांपूर्वी बाळंत झाली. मुलगा झाला, काही तासांचाच सोबती. त्याला श्वास घेता येईना. मग त्या दुःखात बेल यांनी छातीभोवती बसवून श्वास चालवायचं एक धातूचं जॅकेट तयार केलं. पुढे पोलिओच्या रोग्यांसाठी जी यंत्रं आली, त्यांच्याआधीचं हे पाऊल. १८८३ साली आणखी एक मुलगा असाच गेला. मेबलच्या मनाचं काय झालं असेल, ते मी लिहीत नाही, तुम्ही ओळखाल.

याच वर्षांत मेणाचं काम चाललं होतं. १८७७ साली एडिसनने आवाज साठवायचं यंत्र केलं, पण तो आवाज कथलाच्या पातळ पत्र्यावर उमटायचा. चार-दोन वेळा वाजवला की फाटायचा. बेल यांना १८८० साली फ्रान्सचं व्होल्टा पारितोषिक मिळालं, ५० हजार फ्रँक्सचं. त्या पैशात त्यांनी वॉशिंग्टनला प्रयोगशाळा काढली. सोबतीला टेंटर आणि चुलतभाऊ चिचेस्टर बेल. पत्र्यावर दाबून ठसा उमटवण्यापेक्षा मेणात कोरलं तर? आपण साच्यात मेण ओतून मेणबत्त्या करतो, तेव्हा नखाचा ओरखडाही कसा जसाच्या तसा राहतो ते पाहिलंय ना? तेच तत्त्व. १८८६ साली त्यांच्या ग्राफोफोन यंत्राला पेटंट मिळालं. मग एडिसननेही मेणच धरलं. आपल्या आजी-आजोबांनी ज्या काळ्या तबकड्यांवर नाट्यपदं ऐकली, त्यांचंही मूळ मुद्रण टेप येईपर्यंत मेणावरच व्हायचं आणि त्यावरून साचे काढले जायचे.

आपली कल्पना कोणी चोरल्याचा वाद उद्भवला तर पुरावा असावा, म्हणून या तिघांनी १८८१ साली आपलं यंत्र पेटीत बंद करून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवायला दिलं. पुढे या प्रयोगशाळेच्या तबकड्या आणि नळकांडीही तिथेच गेली. साधारण दोनशे. मेणाच्या, काचेच्या, पत्र्याच्या, पुठ्ठ्यावर मेण थापलेल्या. बहुतेक प्रयोगाच्या, एकासारखी दुसरी नाही. त्या वाजवायची यंत्रं कधीच गेली. कोणत्या तबकडीवर काय आहे, ते कोणालाच कळत नव्हतं.

आता मेणाची दुखणी सांगते, कारण ती आपल्या घरातल्या वस्तूंसारखीच आहेत. त्या काळची मेणाची नळकांडी आपल्या पाणी प्यायच्या पेल्याएवढी, आत पोकळ. बोटं बाहेरून लावायची नाहीत, आतून दोन बोटं घालून उचलायची. गार नळकांड्याला गरम हात लागला तरी तडा जाऊ शकतो. दमट जागी ठेवलं तर बुरशी धरते आणि ती बुरशी मेण खाते. लोणच्यावरची बुरशी आपण काढून टाकतो, इथे काढली तरी खाली खड्डे राहतातच. खाली पडलं की ठिकऱ्या. या ठिकऱ्या जोडायला लोकांनी नाना उपाय केले. डिंकासारखं काही लावावं तर मेणाला ते धरत नाही. वितळवून जोडावं तर जोडावरचा आवाजच वितळतो. शंभर वर्षांत मेण आक्रसतं, मग तुकडे पहिल्यासारखे जुळत नाहीत. आणि कसंबसं जुळवून सुई ठेवली की सुई जोडावर उडी मारते आणि उडताना आणखी थोडं ओरबाडून जाते. माझ्या सेलोटेपसारखंच झालं की हे!

तोडगा निघाला तो सुईच न लावण्याचा. कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथल्या प्रयोगशाळेत कार्ल हेबर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ अणूच्या आतल्या कणांचा माग काढायची उपकरणं बनवत. जुनी मुद्रणं नष्ट होत चालल्याची बातमी त्यांनी २००० च्या सुमारास रेडिओवर ऐकली आणि त्यांच्या मनात आलं, की खाच म्हणजे शेवटी आकारच ना? मग ती वाजवायची कशाला, तिचा फोटो काढू. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तबकडी हळूहळू फिरवत तिची अतिसूक्ष्म छायाचित्रं घ्यायची पद्धत बसवली. सुई असती तर ती या खाचेत कशी वर-खाली झाली असती, कशी डावी-उजवीकडे हलली असती, ते संगणकाने मोजायचं आणि त्यावरून आवाज घडवायचा. वस्तूला हात नाही, धक्का नाही. फुटलेली तबकडी असेल तर तुकडे नुसते शेजारी शेजारी मांडायचे, जोडायचं काम चित्रात. ओरखडा दिसला तर चित्रातच पुसायचा. जिथे मेणच उरलं नाही तिथला आवाज मात्र कोणी आणू शकत नाही, ते भोक तसंच राहतं. या यंत्राचं नाव आयरीन. त्यांनी सगळ्यात आधी ज्या जुन्या अमेरिकी गाण्याची तबकडी अशी वाचली, त्यातल्या मुलीचं हे नाव. पुरुषांनी बनवलेल्या यंत्राला बाईचं नाव, ते एक असो.

२०११ साली स्मिथसोनियन, बर्कलेची प्रयोगशाळा आणि अमेरिकी संसदेचं ग्रंथालय यांनी मिळून बेल यांच्या सहा तबकड्या अशा वाचल्या. त्या बोलल्या, पण बोलणारा कोण ते कळेना. मग एक मेण लावलेली पुठ्ठ्याची तबकडी निघाली, १५ एप्रिल १८८५ अशी तारीख असलेली. सोबत बेल यांच्या सहीचा कागद, तबकडीवर जे बोललं ते सगळं लिहिलेला. साडेचार मिनिटांचं मुद्रण, त्यात आकडे, मग पैशांच्या रकमा, आणि शेवटी वक्ता आपलं पूर्ण नाव सांगतो. २०१३ च्या एप्रिलमध्ये हे जाहीर झालं. एक डोळे मिचकावायला लावणारी गोष्ट म्हणजे, बेल यांना स्वतःचा सगळ्यात मोठा शोध टेलिफोन वाटतच नव्हता, फोटोफोन वाटायचा. उजेडावर आवाज. आणि त्यांचा स्वतःचा आवाज परत आला तो उजेडानेच.

आता माझं भांडण. ग्राफोफोनच्या हक्कांतून आलेला पैसा बेल यांनी कर्णबधिरांच्या कामासाठी लावला, १८८७ साली त्यासाठी संस्था काढली. हेलन केलरच्या वडिलांना योग्य वाट त्यांनीच दाखवली, म्हणून हेलनने १९०३ सालचं आपलं आत्मचरित्र बेल यांना अर्पण केलं. हे सगळं खरं. पण याच माणसाला वाटायचं, की कर्णबधिर मुलांनी खुणा सोडून ओठांनीच बोलावं, त्यांना कर्णबधिर शिक्षक नसावेत, आणि दोन कर्णबधिरांनी एकमेकांशी लग्न करणं टाळावं. १८८३ साली त्यांनी शास्त्रज्ञांच्या सभेत तसा प्रबंधच वाचला. १८८० च्या मिलान परिषदेने शाळांतून खुणांना हद्दपार करायचा ठराव केला होताच. बेल यांच्यासारख्या वजनदार माणसाने तीच बाजू उचलून धरली. पिढ्यान् पिढ्या मुलांचे हात मागे बांधल्यासारखे झाले. त्या ठरावाबद्दल २०१० साली व्हँकूव्हरच्या परिषदेत खेद व्यक्त झाला, म्हणजे १३० वर्षांनी. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेचा उल्लेख आला.

मेबल स्वतः ओठ वाचून उत्तम संसार करत होती, १९०७ साली तर विमानाच्या प्रयोगांसाठी तिने स्वतःचे पैसे घातले. तेव्हा बेल यांना वाटलं असेल, हिला जमलं ते सगळ्यांना जमेल. पण मेबल पाच वर्षांपर्यंत ऐकत होती, बोलत होती. वर घरात पैसा, शिकवायला माणसं. आमच्या शाळेतल्या ऊसतोडणीला जाणाऱ्या घरच्या मुलीकडे यातलं काय आहे?

२ ऑगस्ट १९२२ ला कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामध्ये, बेडेकच्या घरी बेल गेले. त्यांच्या दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. मेबल त्यांच्यामागे जेमतेम पाच महिने जगली.

मागच्या आठवड्यात मी मोबाइलवरचा त्या तबकडीचा फोटो शाळेत सातवीच्या मुलींना दाखवला. आवाज त्यांना ऐकवून उपयोग नव्हता, पण फोटोत मेणावरच्या बारीक रेघा छान दिसतात. या रेघा म्हणजे एका माणसाचं बोलणं, असं खुणेने सांगितलं. एकीने पडद्यावर बोट फिरवून पाहिलं. मग विचारलं, या माणसाला आपल्या खुणा यायच्या का? मी सांगितलं, हो, आईशी तो बोटांनीच बोलायचा. तिने लगेच पुढचा प्रश्न केला, मग आम्हाला नको का म्हणाला? मला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, मेबलचं, मिलानचं, त्या काळाचं. तिने मान हलवली, पण पटल्यासारखं काही दिसलं नाही.